घशाच्या कर्करोगामागचा विषाणू मोजायला सुरुवात करा : राज्याच्या दोन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री आणि माननीय वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य.

सप्रेम नमस्कार.

टॉन्सिल, जिभेचे मूळ, मऊ टाळू आणि त्यांच्या मागची भिंत, म्हणजे घशाचा मधला भाग. या भागातल्या कर्करोगाचे निदान राज्यात जिथे कुठे होते, तिथे त्या गाठीमागे ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा, म्हणजेच एचपीव्हीचा, हात आहे का हे सरकारी खर्चाने तपासले जावे आणि त्या तपासणीचा निकाल कर्करोग नोंदणीत लिहिला जावा, एवढी मागणी करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ती दोन्ही खात्यांकडे एकत्र का केली, हे आपणांस वेगळे सांगायला नको. रुग्ण आधी जातो तो ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात, म्हणजे सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, आणि अशी तपासणी करू शकणारी प्रयोगशाळा असते ती वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. मधल्या रस्त्यात बरेच काही हरवते.

मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी पॅथॉलॉजिस्ट आहे. आमच्याकडे माणूस फारसा येत नाही, त्याच्या गाठीचा तुकडा येतो आणि सोबत अर्ध्या पानाचा फॉर्म येतो. त्या फॉर्मवर नाव, वय, गाठ कुठली आणि तंबाखूचे व्यसन आहे की नाही, एवढे विचारलेले असते. घशाच्या कर्करोगाचे कारण म्हणून आपल्या यंत्रणेला जे ठाऊक आहे ते सगळे त्या शेवटच्या रकान्यात आटोपते. हे आकसाने म्हणत नाही. ज्या राज्यात २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दर चार प्रौढांमागे साधारण एक जण कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होता आणि बहुतेकांची तंबाखू चघळण्याची किंवा दातांना लावण्याची होती, जिथे २०१२ पासून गुटख्यावर बंदी असूनही टपरीवर पुडी मिळते, विदर्भात खर्रा आणि घरोघरी मिश्री चालते, तिथे डॉक्टरांनी पहिला प्रश्न तंबाखूचाच विचारावा हे योग्यच आहे. भारतातल्या पुरुषांत तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी आहे आणि गालफडातल्या, हिरडीलगतच्या त्या गाठींत एचपीव्हीचा वाटा अगदी थोडा असतो. तंबाखूविरोधी मोहिमेचा एक रुपयाही कमी करावा असे या पत्रात कुठेही म्हटलेले नाही. अडचण सुरू होते ती त्या रकान्यात ‘नाही’ असे लिहिलेले असते तेव्हा.

एचपीव्हीचे शंभरहून अधिक प्रकार आहेत आणि त्यांतले बहुतेक निरुपद्रवी किंवा फार तर चामखीळ आणणारे आहेत. कर्करोगाशी नाते आहे ते मोजक्या प्रकारांचे. हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाने १९८३ आणि १९८४ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगात १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार दाखवून दिले आणि त्यासाठी त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हाच १६ क्रमांकाचा प्रकार घशातही घर करतो, हे वैद्यकविश्वाने मान्य करायला आणखी बराच काळ गेला. २००० साली अमेरिकेत मॉरा गिलिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोके व मान या भागांतल्या कर्करोगाच्या २५३ रुग्णांच्या गाठी तपासल्या. त्यांतल्या चौथ्या हिश्श्यात एचपीव्ही सापडला आणि सापडला तिथे दहांपैकी नऊ वेळा तो १६ क्रमांकाचाच होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात एचपीव्ही-१६ हा घशाच्या मधल्या भागातल्या कर्करोगाचे कारण असल्याचे नोंदवले. म्हणजे हा वाद आता उरलेला नाही.

विषाणू काम कसे करतो हे थोडक्यात सांगतो, कारण पुढची मागणी त्यावर उभी आहे. टॉन्सिलवर आणि जिभेच्या मुळाशी खोल खाचा असतात. त्या खाचांचे अस्तर जाळीदार आणि सच्छिद्र असते, जेणेकरून आत जाणारे जंतू शरीराच्या संरक्षक पेशींच्या नजरेस पडावेत. विषाणूला हीच वाट सोयीची पडते. बहुतेकांच्या शरीरातून तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्यांच्या पेशींत तो राहतो आणि आपली दोन प्रथिने बनवत बसतो. ई-६ हे प्रथिन पेशीतल्या पी-५३ या पहारेकऱ्याचा नाश करते, तर ई-७ हे पेशीच्या विभाजनाला आवर घालणारे आरबी प्रथिन निकामी करते. आरबी निकामी झाले की पेशी पी-१६ नावाचे दुसरे एक प्रथिन भरमसाट तयार करू लागते. कर्करोग दिसेपर्यंत यात दहा-वीस वर्षे किंवा त्याहून अधिक काळ जातो. हे सगळे खाचांच्या तळाशी घडते. गर्भाशयमुखावर कर्करोगाआधीचे बदल तपासणीत दिसतात, तसे बदल इथे नजरेस पडत नाहीत आणि म्हणून निरोगी माणसांची सरसकट तपासणी करून हा रोग आधी पकडण्याची पद्धत आज जगात कुठेही उपलब्ध नाही. कुणी तसे शिबिर भरवण्याचा प्रस्ताव घेऊन आपल्याकडे आले, तर तो नाकारावा.

या रोगाचे रूप कसे असते, तेही सांगायला हवे. मूळ गाठ टॉन्सिलमध्ये वाटाण्याएवढी असते, दुखत नाही, गिळताना अडत नाही, आणि तेवढ्यात रोग मानेच्या लसिकाग्रंथीत पोहोचलेला असतो. रुग्ण येतो तो मानेतली गाठ घेऊन. पन्नाशीतले एक गृहस्थ, पेशाने शिक्षक, सुपारीचे खांडही कधी तोंडात न घातलेले, दाढी करताना जबड्याखाली बोटाला गाठ लागली म्हणून गावच्या डॉक्टरांकडे गेले. गाठ दुखत नव्हती, ताप नव्हता. आपल्याकडे मानेतली न दुखणारी गाठ म्हणजे टीबी असे समीकरण पक्के आहे आणि टीबीचे प्रमाण पाहता ते निराधार नाही. त्यांना सहा महिन्यांची टीबीची औषधे सुरू झाली. गाठीतला नमुना कुठेही पाठवलेला नव्हता. औषधांचा कोर्स संपत आला तरी गाठ तेवढीच, किंबहुना थोडी मोठी. मग सुईची तपासणी झाली. सुईतून मळकट पिवळे पाणी आले आणि काचपट्टीवर पेशी तुरळक, त्यामुळे ‘जन्मजात गाठ असावी’ असा अभिप्राय दुसऱ्या एका ठिकाणाहून मिळाला. शेवटी गाठ काढली गेली आणि ती माझ्याकडे आली. पाण्याने भरलेल्या पिशवीच्या आतल्या भिंतीवर कर्करोगाच्या पेशींचा पातळ थर होता. त्या गाठीचे मूळ डाव्या टॉन्सिलमध्ये होते. बाहेरून पाहिले तर तो टॉन्सिल उजव्यापेक्षा किंचित मोठा, एवढाच काय तो फरक.

चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या मानेत नव्याने आलेली, आत पाणी असलेली गाठ जन्मजात समजून सोडून द्यायची नसते, हे कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या पाठ्यपुस्तकांत आता ठळकपणे आलेले आहे. ज्या डॉक्टरांकडे रुग्ण पहिल्यांदा जातो त्यांच्यापर्यंत मात्र ते पोहोचलेले नाही. त्या शिक्षकांना तंबाखूचे व्यसन असते, तर कदाचित कर्करोगाचा संशय लवकर आला असता. निर्व्यसनी असणे त्यांच्या निदानाच्या आड आले, ही आपल्या आरोग्यशिक्षणाची दुसरी बाजू आहे. वर्षानुवर्षे आपण लोकांना सांगत आलो की तंबाखूने घशाचा कर्करोग होतो. लोकांनी त्याचा उलटा अर्थही आपल्या मनाशी पक्का करून टाकला आणि डॉक्टरही अखेर याच समाजातून येतात.

आता आकड्यांकडे वळतो, कारण मंत्रालयात पहिला प्रश्न तोच विचारला जाईल. अमेरिकेत घशाच्या मधल्या भागातल्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के एचपीव्हीमुळे होतात असे तेथील रोगनियंत्रण केंद्राचे म्हणणे आहे. तिथे जतन केलेल्या जुन्या गाठी पुन्हा तपासल्या, तेव्हा १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास होते आणि २००० ते २००४ या काळात ते ७२ टक्क्यांच्या घरात गेले होते, असे दिसले. सिगारेट ओढणे कमी होत असतानाच हा रोग वाढत होता आणि वाढ प्रामुख्याने पुरुषांत होती. हे आकडे उचलून महाराष्ट्राला लावू नयेत. भारतातल्या प्रसिद्ध अभ्यासांत प्रमाण त्याहून बरेच कमी येते आणि एका अभ्यासाचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही. कुणी गाठीत नुसता विषाणूचा डीएनए शोधला, कुणी पी-१६ पाहिले, कुणी तोंडाच्या आणि घशाच्या गाठी एकत्र मोजल्या. शंभर-दीडशे रुग्णांच्या अशा अभ्यासांवरून राज्याचे धोरण ठरवता येणार नाही. कुणी हे पाश्चात्त्यांचे दुखणे म्हणून झटकून टाकते, तर कुणी पुढची मोठी साथ म्हणून भीती घालते. मोजणीचा आधार दोघांपैकी कुणालाही नाही.

मोजायचे कसे, यातही एक खाच आहे आणि ती आपल्या राज्यासाठी विशेष महत्त्वाची आहे. सगळ्यात सोपी आणि स्वस्त तपासणी पी-१६ ची. गाठीच्या पातळ कापावर विशिष्ट रंगप्रक्रिया केली की पी-१६ असलेल्या पेशी तपकिरी दिसतात. किमान ७० टक्के पेशींत, केंद्रकात आणि बाहेरच्या द्रवातही, मध्यम ते गडद रंग असेल तरच निकाल सकारात्मक धरायचा, असा नियम आहे. पण पी-१६ ही विषाणूने मागे ठेवलेली खूण आहे, खुद्द विषाणू नव्हे. ती खूण दुसऱ्या कारणानेही उमटू शकते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नऊ देशांतल्या ७,६५४ रुग्णांच्या अभ्यासात सुमारे ९ टक्के रुग्णांमध्ये पी-१६ चा निकाल आणि विषाणूच्या थेट चाचणीचा निकाल एकमेकांशी जुळला नाही. दोन्ही सकारात्मक असलेल्यांपैकी सुमारे ८१ टक्के पाच वर्षांनंतर हयात होते आणि दोन्ही नकारात्मक असलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के. पी-१६ सकारात्मक पण विषाणू नाही, अशा रुग्णांत हे प्रमाण ५५ टक्क्यांच्या आसपास होते. शिवाय जिथे एचपीव्हीचा वाटा मुळातच कमी, तिथे अशी फसगत अधिक होते. आपला प्रदेश तसाच आहे. म्हणून पी-१६ सर्वांची करावी, आणि जिथे ती सकारात्मक येईल तिथे विषाणूच्या डीएनएची किंवा आरएनएची चाचणी जोडीला असावी. दुसरी चाचणी महाग आहे, हे खरे. पण ती पी-१६ सकारात्मक आलेल्या थोड्याच गाठींची करावी लागेल आणि एचपीव्हीचा वाटा आपल्याकडे जितका कमी असेल, तितका हा खर्चही कमी राहील.

माझे काही सहकारी विचारतात की निकाल काहीही आला तरी उपचार तेच द्यायचे, मग तपासणी कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्यातला अर्धा भाग मला मान्य आहे. एचपीव्हीजन्य कर्करोग उपचारांना चांगला प्रतिसाद देतो, म्हणून उपचार सौम्य करता येतील अशी आशा होती. सिसप्लॅटिन या केमोच्या नेहमीच्या औषधाऐवजी रेडिएशनसोबत सेटुक्सिमॅब हे नवे औषध देऊन पाहणाऱ्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१८ मध्ये जाहीर झाले आणि दोन्हींत नव्या औषधाच्या गटातले अधिक रुग्ण दगावले. तेव्हा पी-१६ सकारात्मक आले म्हणून रेडिएशनचा शेक किंवा केमो कमी करण्याचा मोह कुणालाही होता कामा नये आणि तसा स्पष्ट इशारा शासनाच्या सूचनांत असावा. पण उपचारांची मात्रा हा निदानाचा एकमेव उपयोग नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात एचपीव्ही सकारात्मक रुग्णांपैकी ८२ टक्के तीन वर्षांनंतर हयात होते, तर नकारात्मक रुग्णांपैकी ५७ टक्के. त्याच अभ्यासात विषाणू असूनही बरीच वर्षे सिगारेट ओढलेल्यांचे निकाल खालावलेले दिसले. दोन्ही कारणे एकाच घशात नांदतात अशा आपल्या रुग्णांसाठी ही नोंद घेण्याजोगी आहे. कर्करोगाचे टप्पे ठरवण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत तर २०१८ पासून या रोगाला स्वतंत्र कोष्टक आहे. मानेत एकाच बाजूला गाठी असलेला जो रुग्ण जुन्या कोष्टकाप्रमाणे चौथ्या टप्प्यात बसत असे, तो नव्या कोष्टकाप्रमाणे पहिल्या टप्प्यात बसू शकतो. ‘चौथी स्टेज’ हे दोन शब्द ऐकून शेत विकायचे की उपचारच सोडायचे, याचा हिशेब मांडत बसलेली कुटुंबे दोन्ही मंत्रिमहोदयांनी आपापल्या मतदारसंघांत पाहिली असतील. त्यांना खरा टप्पा कळणे हा त्यांचा हक्क आहे.

मानेत गाठ आहे पण मूळ कुठे ते सापडत नाही, अशा रुग्णांतही या तपासणीचा उपयोग होतो. ग्रंथीत विषाणू सापडला तर शोध टॉन्सिल आणि जिभेच्या मुळापाशी घेता येतो. मग घशाच्या सगळ्या भागांवर मोघम शेक देण्याची वेळ टळू शकते.

आता नोंदणीविषयी. या बाबतीत आपल्या राज्याला सांगण्यासारखा वारसा आहे. देशातली पहिली लोकसंख्याधारित, म्हणजे एका भागातल्या सगळ्या रहिवाशांतले रुग्ण मोजणारी, कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ मध्ये सुरू झाली आणि पहिली ग्रामीण नोंदणी सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ मध्ये. गावोगाव फिरून नोंदी गोळा करण्याची बार्शीची पद्धत नंतर इतर ठिकाणी अभ्यासली गेली. या नोंदण्यांत टॉन्सिल, जिभेचे मूळ आणि घशाचा उरलेला मधला भाग यांना वेगवेगळे सांकेतिक क्रमांक आहेत. मात्र मूळ रिपोर्टवर ‘घशाचा कर्करोग’ किंवा ‘जिभेचा कर्करोग’ एवढेच लिहिलेले असेल, तर नोंद करणाऱ्याने करायचे काय? जिभेचा पुढचा दोन-तृतीयांश भाग हा तोंडाचा भाग आहे, मागचा एक-तृतीयांश घशाचा, आणि दोघांचे कारण, वर्तन व भवितव्य निराळे आहे. म्हणून माझ्या मागणीचा निम्मा भाग बिनखर्चात होण्यासारखा आहे : जागा नेमकी लिहिण्याची सक्ती करा. ज्या फॉर्मवर जागा नेमकी लिहिलेली नाही तो परत पाठवण्याचा अधिकार आम्हा पॅथॉलॉजिस्टना लेखी द्या. आज तो परत पाठवला की सर्जनचा फोन येतो.

लसीचा विषय मुद्दाम नंतर घेतला आहे, कारण एचपीव्ही म्हटले की चर्चा थेट लसीवर उडी मारते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या सर्व्हाव्हॅक लसीला औषध महानियंत्रकांची परवानगी जुलै २०२२ मध्ये मिळाली. ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांविरुद्धची ही लस मुलगे आणि मुली दोघांसाठी आहे. त्याच वर्षी राष्ट्रीय लसीकरण तांत्रिक सल्लागार गटाने मुलींच्या लसीकरणाची शिफारस केली आणि १ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात केंद्रीय अर्थमंत्र्यांनी ९ ते १४ वर्षे वयाच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याची घोषणा केली. मुलींना प्राधान्य देणे हा माझ्या मते निर्विवाद योग्य क्रम आहे. देशात दरवर्षी सुमारे सव्वा लाख स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो आणि सुमारे ८० हजार त्यात दगावतात. या आकड्यासमोर टॉन्सिलचा कर्करोग फार लहान आहे. घशाच्या कर्करोगाचे नाव पुढे करून मुलींच्या वाट्याचा एकही डोस मुलग्यांकडे वळवू नये, असे मी लेखी सांगायला तयार आहे. मुलींमध्ये लसीकरण भरपूर झाले, तर विषाणूचा फैलावच घटतो आणि त्याचा लाभ मुलग्यांनाही मिळतो, मात्र पुरुषांशीच संबंध ठेवणाऱ्या पुरुषांना तो मिळत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

मुलग्यांना लस द्यावी का, हा प्रश्न त्यामुळे संपत नाही, पुढे ढकलला जातो. ऑस्ट्रेलियाने मुलींचे लसीकरण २००७ मध्ये सुरू केले आणि मुलग्यांचे २०१३ मध्ये. ब्रिटनमध्ये मुली २००८ पासून आणि शाळकरी मुलगे २०१९ पासून लस घेत आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नऊ प्रकारांविरुद्धच्या लसीच्या उपयोगांत डोके व मान यांच्या एचपीव्हीजन्य कर्करोगांचा प्रतिबंध जून २०२० मध्ये समाविष्ट केला. लस दिल्यावर घशाचा कर्करोग घटल्याचा थेट पुरावा मिळायला अजून काही दशके लागतील, कारण रोगच इतका सावकाश वाढतो. तोंडातला या विषाणूचा संसर्ग मात्र लस घेतलेल्यांत कितीतरी कमी आढळतो, हे कोस्टा रिकातल्या आणि अमेरिकेतल्या अभ्यासांनी दाखवले आहे. आज ना उद्या आपल्या राज्यासमोरही मुलग्यांच्या लसीचा प्रस्ताव येईलच. त्या दिवशी टेबलावर महाराष्ट्राचे स्वतःचे दहा वर्षांचे आकडे असावेत की अमेरिकेचे, हे या वर्षी ठरणार आहे.

याच संदर्भात एका जुन्या जखमेचा उल्लेख टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २००९-१० मध्ये आंध्र प्रदेश आणि गुजरातमध्ये एचपीव्ही लसीचा एक प्रात्यक्षिक प्रकल्प राबवला गेला. त्यातल्या काही मुलींच्या मृत्यूंनंतर तो एप्रिल २०१० मध्ये थांबवण्यात आला. चौकशीत ते मृत्यू लसीमुळे झाल्याचे आढळले नाही, पण पालकांची संमती ज्या तऱ्हेने घेतली गेली, किंवा घेतलीच गेली नाही, त्यावर संसदीय समितीने २०१३ मध्ये कडक ताशेरे ओढले आणि ते रास्त होते. त्या स्थगितीचा फटका देशातल्या दुसऱ्या एका अभ्यासालाही बसला. लसीच्या दोन आणि तीन मात्रांची तुलना करण्यासाठी आखलेल्या त्या अभ्यासात बार्शी आणि पुण्यातल्या मुलीही होत्या. तो मध्येच थांबल्यामुळे सुमारे पाच हजार मुलींना एकच मात्रा मिळाली. संशोधकांनी त्या मुलींची साथ सोडली नाही. दहा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका मात्रेनेही सुमारे ९५ टक्के संरक्षण दिले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एका मात्रेचा पर्याय स्वीकारला, त्यामागच्या पुराव्यांत या मुलींचा मोठा वाटा आहे. चिकाटीने ठेवलेल्या नोंदी काय करू शकतात, याचे याहून जवळचे उदाहरण मला ठाऊक नाही.

आता ज्यावर सरकारी परिपत्रके मौन पाळतात, त्याविषयी. घशात हा विषाणू बहुधा मुखमैथुनातून पोहोचतो. एका ताटात जेवल्याने किंवा घरातल्यांशी नेहमीसारखे वागल्याने तो घशाचा कर्करोग देतो असा पुरावा नाही. तपासणी सुरू झाली की रिपोर्टवर ‘एचपीव्ही सकारात्मक’ हे शब्द येतील आणि कुणीतरी मोबाइलवर त्यांचा अर्थ शोधेल. त्या रात्री त्या घरात काय होईल याचा विचार आपण आधी करायला हवा. संसर्ग वीस-तीस वर्षांपूर्वीचा असू शकतो, कुणाकडून आला हे कुठलीही चाचणी सांगू शकत नाही, लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा एचपीव्ही भेटून जातो, आणि आजच्या जोडीदाराच्या निष्ठेविषयी या रिपोर्टवरून काहीही सिद्ध होत नाही. ही वाक्ये साध्या मराठीत छापून रिपोर्टसोबतच द्यावीत. ती समजावून सांगण्याचे काम समुपदेशकाकडे असावे. एचआयव्हीच्या समुपदेशन केंद्रांतून असे अवघड बोलणे करण्याचा अनुभव असलेली माणसे आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, त्यांनाच दोन दिवसांचे प्रशिक्षण देता येईल. रुग्णाची पत्नी आली असेल, तर तिने गर्भाशयमुखाची नेहमीची तपासणी करून घ्यावी एवढे सांगणे पुरेसे आहे. तिला घाबरवण्याचे कारण नाही.

प्रत्यक्ष अंमलबजावणीसाठी नवी इमारत, नवे पद किंवा परदेश दौरा लागत नाही. गाठीचा तुकडा प्रक्रिया करून मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला असतो. तो वर्षानुवर्षे टिकतो, त्याला शीतपेटी लागत नाही आणि तो साध्या टपालाने पाठवता येतो. प्रत्येक जिल्ह्याने आपले ठोकळे ठरलेल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवावेत, पी-१६ तिथे व्हावी, आणि सकारात्मक आलेले ठोकळे विषाणूच्या थेट चाचणीसाठी राज्यातल्या दोन-तीन केंद्रांकडे जावेत. यातली कच्ची कडी शस्त्रक्रियागृहात आहे. तुकडा काढल्याबरोबर तो त्याच्या दसपट फॉर्मेलिनमध्ये पडायला हवा. प्रत्यक्षात तो कधी सलाइनमध्ये येतो, कधी स्पिरिटमध्ये, कधी इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत इतका ठासून बसवलेला की बाटली फोडूनच बाहेर काढावा लागतो. अशा तुकड्यावर कर्करोग आहे एवढे कसेबसे सांगता येते, पुढची कुठलीही चाचणी भरवशाची राहत नाही. रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या डब्या आणि योग्य तीव्रतेचे तयार फॉर्मेलिन यांचा नियमित पुरवठा ही या योजनेतली सर्वांत स्वस्त बाब आहे आणि ती अडली तर बाकीचा सगळा खर्च वाया जाईल.

तेव्हा या विषयावर दोन्ही खात्यांनी मिळून एक शासन निर्णय काढावा, अशी विनंती आहे. घशाच्या मधल्या भागातल्या कर्करोगासाठी पी-१६ आणि गरजेनुसार एचपीव्हीची थेट चाचणी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या उपचार-पॅकेजमध्ये नाव घेऊन लिहावी, म्हणजे मंजुरीच्या वेळी ‘ही तपासणी कशासाठी’ असा शेरा येणार नाही. खासगी रुग्णालयांतून आलेले ठोकळेही सरकारी प्रयोगशाळेने स्वीकारावेत, कारण ते वगळले तर मोजणी अर्धवट राहील. नोंदणीच्या फॉर्मवर पी-१६, एचपीव्ही, तंबाखूचा प्रकार आणि ती किती वर्षे वापरली, असे चार रकाने वाढवावेत आणि दरवर्षी जिल्हावार आकडे जाहीर करावेत, मग ते कितीही लहान असोत. आणि क्षयरोग कार्यक्रमाच्या सूचनांत एक ओळ घालावी : चाळिशीवरील व्यक्तीच्या मानेतली गाठ दोन-तीन आठवड्यांत ओसरली नाही, तर गाठीतला नमुना टीबीसाठी आणि कर्करोगासाठी तपासल्याशिवाय आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांनी टॉन्सिल व जिभेचे मूळ पाहिल्याशिवाय टीबीची औषधे सुरू करू नयेत, मग रुग्ण तंबाखू खात असो वा नसो. या शेवटच्या ओळीला एक पैसाही लागत नाही आणि ती निघायला अर्थसंकल्पाची वाट पाहावी लागत नाही. बाकीच्या गोष्टींचा विचार होईपर्यंत निदान तेवढे परिपत्रक या महिन्यात निघावे.

आपला विश्वासू,
एक जिल्हास्तरीय पॅथॉलॉजिस्ट